प्रयोगात पास, वापरात नापास: विचित्र शोधांचं अडतं कुठे?

१८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या भव्य जागतिक प्रदर्शनात जळवांवर चालणारं एक यंत्र मांडलं होतं. इंग्लंडच्या व्हिटबी या बंदरगावात राहणारे डॉक्टर जॉर्ज मेरीवेदर यांनी ते बनवलं होतं. गोलाकार मांडलेल्या बारा काचेच्या बाटल्या, प्रत्येकीच्या तळाशी थोडं पावसाचं पाणी आणि त्यात एकेक जळू. वादळ यायच्या आधी हवेत जो बदल होतो तो जळवांना कळतो आणि त्या पाण्याबाहेर पडून वर चढतात, असं डॉक्टरांचं निरीक्षण होतं. बाटलीच्या तोंडाशी एक लवचिक तुकडा बसवलेला असे. जळू तिथवर आली की तो हलायचा, त्याला जोडलेली तार सुटायची आणि मधल्या घंटेवर हातोडी पडायची. एखादीच घंटा वाजली तर फारसं मनावर घ्यायचं नाही, पण जितक्या जास्त जळवा घंटा वाजवतील तितकं वादळ पक्कं समजायचं. बाटल्या गोलाकार का? तर जळवांना एकमेकी दिसत राहाव्यात, एकटं वाटू नये म्हणून.

मला हा माणूस मनापासून आवडतो. समुद्रावर गेलेली माणसं वादळात बुडू नयेत म्हणून त्यांनी हे सगळं केलं, आणि सरकारने ही यंत्रं किनाऱ्यावर ठिकठिकाणी बसवावीत असं सुचवलंही. आता अडचणी बघा. इतर यंत्रांना तेलपाणी लागतं, याला बारा जिवंत जिवांची निगा लागते. पाणी बदलायचं, मेलेल्या जळूच्या जागी नवी आणायची. घंटा वाजली तरी वादळ कुठून येतंय आणि किती वेळात येतंय ते कळत नाही. एखादी जळू भलत्याच कारणाने अस्वस्थ होऊन वर चढली तर ती घंटा खोटी, हे ओळखायचं कसं? सरकारने काही ती सूचना उचलली नाही. १८६१ मध्ये ब्रिटनमध्ये वादळाचे इशारे द्यायला सुरुवात झाली, ती वायुभारमापक आणि तारयंत्र यांच्या जोरावर. जागोजागी मोजलेला हवेचा दाब तारेने एका ठिकाणी कळवायचा आणि तिथून बंदरांना सावध करायचं.

विचित्र शोधांवर हसून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यातले पुष्कळ शोध खरोखर चालत होते. तत्त्व बरोबर, प्रात्यक्षिक यशस्वी, बघणारे खूश. गाडी अडायची ती पुढे, रोजच्या वापरात. कुठलंही नवं उपकरण आपलं एक काम हलकं करतं आणि त्याच वेळी काही नवी कामं आपल्या गळ्यात घालतं: चार्जिंग, सफाई, दुरुस्ती, ठेवायला जागा, आजूबाजूच्या लोकांची समजूत. गेलेल्या कामापेक्षा आलेली कामं जड झाली की उपकरण अडगळीत पडतं. हा हिशेब नेमका कुठे बिघडतो ते समजून घ्यायचं असेल, तर एका रेल्वेची गोष्ट नीट बघायला हवी.

इंजिन नसलेली रेल्वे

१८४० च्या सुमारास वाफेचं इंजिन जड होतं, धूर ओकायचं आणि चढावर दमायचं. शिवाय स्वतःचा कोळसा आणि पाणी स्वतःच ओढत न्यायचं. मग इंजिन गाडीवर ठेवायचंच कशाला? ते रस्त्याच्या कडेला एका जागी बसवू आणि गाडीला हवेने ढकलू, अशी कल्पना सॅम्युएल क्लेग आणि सामुदा बंधू यांनी मांडली.

रचना अशी. दोन रुळांच्या मधोमध एक जाड लोखंडी नळ. नळात दट्ट्या. कडेच्या पंपघरातलं वाफेचं इंजिन दट्ट्याच्या पुढच्या बाजूची हवा ओढून घेतं. पुढे हवा विरळ, मागे बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब, त्यामुळे दट्ट्या पुढे ढकलला जातो. हा जोर किती असेल? आपल्याभोवतीची हवा दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार टाकत असते. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या नळातली निम्मी हवा काढली, तर दट्ट्यावर जवळजवळ पावणेसहाशे किलोचा रेटा बसतो. हलकी गाडी पळवायला तेवढा पुरतो.

खरी गोम पुढे आहे. दट्ट्या नळाच्या आत आणि गाडी बाहेर. दोघांना जोडणारा दांडा नळातून वर यायला हवा, म्हणजे नळाला वरच्या बाजूने लांबच लांब चीर हवी. आणि चीर ठेवली की हवा आत घुसणार. यावर उपाय म्हणून चिरेवर चामड्याची अखंड पट्टी बसवली, तिला लोखंडी पत्र्यांनी वजन दिलं आणि कडेने चरबी-मेणाचं लुकण भरलं. दांड्याच्या पुढे असलेली छोटी चाकं पट्टी उचलायची, दांडा निघून जायचा, मागचा रोलर पट्टी पुन्हा दाबून बसवायचा. लंडनजवळच्या वर्मवुड स्क्रब्ज इथे १८४० मध्ये सुमारे ८०० मीटरच्या मार्गावर हे करून दाखवलं, तेव्हा सगळं सुरळीत चाललं. डब्लिनजवळ डॉल्कीला १८४३ मध्ये तीन किलोमीटरहूनही लहान अशी खरीखुरी लाइन सुरू झाली आणि ती तब्बल दहा वर्षं, १८५४ पर्यंत चालली. तिथे गाडी चढावर हवेने जायची आणि उतारावरून आपल्याच वजनाने परत यायची. म्हणजे लहान अंतर, एकच चढ, फाटे नाहीत.

मग त्या काळचा नामांकित इंजिनियर इझंबार्ड किंगडम ब्रुनेल यांनी हेच तंत्र इंग्लंडमधल्या दक्षिण डेव्हन भागात एक्सेटर ते न्यूटन या सुमारे ३२ किलोमीटरच्या मार्गावर वापरायला घेतलं. साधारण दर पाच किलोमीटरवर एक पंपघर. सप्टेंबर १८४७ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. धूर नाही, धडधड नाही, आणि चाचणीत तर गाडी ताशी १०० किलोमीटरच्या वर गेली. प्रवासी खूश होते.

वर्ष पूर्ण व्हायच्या आत हे सगळं गुंडाळावं लागलं.

नळात जाणाऱ्या हवेचा विचार करा. एका मीटरच्या पट्टीतून अगदी थोडी हवा गळते, ८०० मीटरच्या प्रयोगात ती खुपत नाही. पण गळती लांबीच्या हिशेबाने वाढत जाते, आणि ती भरून काढायला पंपांनी जास्त कोळसा खायचा. थंडीत चामडं कडक व्हायचं, नीट बसायचं नाही. उन्हाने लुकण पातळ व्हायचं. पावसाचं पाणी शिरलं की चामडं कुजायला लागायचं, आणि कातडी कमावताना वापरलेल्या टॅनिनची लोखंडी पत्र्यांच्या गंजाशी प्रक्रिया होऊन ते आणखी खराब व्हायचं. उंदरांनी चामडं खाल्लं म्हणून रेल्वे बंद पडली, ही गोष्ट लोक चवीने सांगतात, पण ऊन, पाऊस आणि गंज एवढंही पुरेसं होतं. १८४८ च्या उन्हाळ्यापर्यंत पट्टी लांबवर फाटायला आली होती आणि ती सगळी बदलण्याचा खर्च कंपनीला झेपणारा नव्हता.

चामड्याची भानगड मिटली असती तरीही काही गोष्टी राहिल्याच असत्या. रूळ बदलायच्या जागी मधला नळ आडवा येतो, म्हणून स्टेशनात डबे हलवायला वेगळी सोय करावी लागायची. सुरुवातीला पंपघरांमध्ये तारयंत्र नव्हतं. त्यामुळे पंप वेळापत्रकाप्रमाणे सुरू करायचे, आणि गाडीला उशीर झाला तर ते रिकामेच धापा टाकत कोळसा जाळायचे. सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. वाफेचं एक इंजिन बिघडलं तर दुसरं आणून लावता येतं. इथे वाटेतलं एक पंपघर बंद पडलं की अख्खी लाइन बंद. रेल्वेचे दुसरे मोठे इंजिनियर रॉबर्ट स्टीफन्सन यांनी १८४४ मध्येच या पद्धतीबद्दल प्रतिकूल अहवाल दिला होता. ब्रुनेल यांनी शेवटी स्वतःच संचालकांना ही पद्धत सोडून द्यायला सांगितलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. इतका पैसा आणि नाव पणाला लागलेलं असताना तसं करायला मोठं मन लागतं.

नव्या उपकरणाचं प्रात्यक्षिक बघताना ही रेल्वे आठवावी. लहान अंतर, चांगलं हवामान, शेजारी उभा असलेला तज्ज्ञ, नवीकोरी पट्टी. यातलं एकेक काढून घेतल्यावर काय होतं, ते कळायला एक हिवाळा आणि एक पावसाळा जावा लागतो.

बोलकी बाहुली

एडिसन यांच्या बोलक्या बाहुलीचंही असंच झालं. १८९० मध्ये ती बाजारात आली. उंची ५५ सेंटिमीटरच्या आसपास, अंग धातूचं, पोटात छोटासा फोनोग्राफ. पाठीतला दांडा फिरवला की बाहुली बालगीताच्या ओळी म्हणायची. ध्वनिमुद्रणाच्या प्रती काढायची पद्धत तेव्हा हाताशी नव्हती, म्हणून कारखान्यात बायका-मुली यंत्रापुढे बसून तीच गाणी पुन्हापुन्हा म्हणत, दर बाहुलीसाठी नव्याने.

आवाज मेणाच्या कड्यावर कोरलेला असायचा. सुई त्याच खाचेतून फिरत राहिली की मेण झिजतं आणि आवाज खरखरत जातो. त्यात फिरवायला स्प्रिंग नाही, दांडा मुलाच्या हातात. आवाजाची पट्टी कड्याच्या वेगावर ठरते: जोरात फिरवलं तर चिरका, हळू फिरवलं तर घोगरा. प्रयोगशाळेतला सरावलेला हात तो वेग एकसारखा राखेल, लहान मूल कसं राखणार? वाहतुकीतल्या धक्क्यांनी आतले भाग सुटायचे ते निराळंच. काही आठवड्यांतच ही बाहुली बाजारातून मागे घ्यावी लागली. उरलेली काही कडी इतकी नाजूक झाली आहेत की त्यांवर सुई ठेवायची सोय नाही. अलीकडे अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत विकसित झालेल्या तंत्राने, कड्याला स्पर्शही न करता प्रकाशाच्या मदतीने खाचांचे फोटो घेऊन त्यातले आवाज परत मिळवले गेले. ते आवाज ऐकायला मिळाले तर जरूर ऐका. खरखरीच्या मागून कुणीतरी जीव तोडून गाणं म्हणतंय हे स्पष्ट कळतं.

तोल सांभाळणारी चाकं

काही उपकरणांची अडचण थेट भौतिकशास्त्रातून येते आणि ती समजून घ्यायला मजा येते. १९३२ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर डॉक्टर पर्व्हिस यांच्या 'डायनास्फिअर'ची चाचणी झाली. सुमारे तीन मीटर उंचीचं एकच जाळीदार चाक आणि चालक त्या चाकाच्या आत बसलेला. पिंजऱ्यातल्या चाकात धावणारा उंदीर डोळ्यांपुढे आणा. इथे उंदराच्या जागी मोटर बसवलेली गाडी असते, ती चाकाच्या आतल्या भिंतीवर पुढे चढायला बघते. तिचं वजन चाकाच्या मध्यापासून पुढे सरकलं की ते वजन खाली यायला बघतं आणि चाक फिरतं. अडीच अश्वशक्तीच्या मोटरवर हे चाक ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं.

आता ब्रेक लावून बघू. ब्रेक म्हणजे आतली गाडी आणि बाहेरचं चाक एकमेकांना घट्ट धरायचं. पण चाक तर वेगात फिरतंय. जोरात धरलं की ते आतल्या गाडीलाही सोबत घेऊन फिरणार आणि चालक उलटापालटा होत चाकाबरोबर गोल फिरणार. थांबवायची ताकद फक्त आतल्या वजनातून येते, त्यापेक्षा जास्त जोर लावताच येत नाही. म्हणजे हळूहळूच थांबायचं. वळवायला पुढे दुसरं चाक नाही, कलूनच वळायचं. समोरचं दिसतं ते फिरत्या जाळीतून. यातली एकही गोष्ट चांगला माल वापरून किंवा मोटर सुधारून जाण्यासारखी नाही. एका चाकात बसायचं ठरवलं त्याच क्षणी या सगळ्या अडचणी पदरात पडल्या.

डिसेंबर २००१ मध्ये डीन केमन यांनी लोकांपुढे आणलेला सेगवे हा तोल सांभाळण्यात कितीतरी सरस होता. दोन चाकं शेजारी-शेजारी, मध्ये उभं राहायची फळी. माणूस पुढे झुकला की सेन्सरना ते कळतं, ते सेकंदाला साधारण १०० वेळा तपासत असतात. मोटर लगेच चाकं पुढे नेऊन माणसाच्या खाली आणते, पडता पडता सावरल्यासारखं. आपण चालतो तेही थोडंफार असंच असतं. तोल राखायचं सगळं काम मोटर करते, म्हणजे मोटरच्या अंगात तेवढी ताकद सतत शिल्लक हवी. बॅटरी उतरलेली असताना माणूस पुढे झुकला आणि चाकं वेळेवर पुढे पोचली नाहीत, तर तो पडणारच. २००३ मध्ये याच कारणासाठी तोवर विकलेले सुमारे ६,००० सेगवे सुधारणेसाठी परत बोलावले गेले. तीनचाकी सायकलची बॅटरी संपली तर ती नुसती थांबते, हा फरक लक्षात घ्या.

तरी सेगवे मागे पडला तो त्याहून साध्या गोष्टींमुळे. किंमत जवळपास ५,००० डॉलर. वजन ३५ किलोच्या वर, म्हणजे जिना आला की पंचाईत. पदपथावर चालवावा तर चालणाऱ्यांना भीती, रस्त्यावर चालवावा तर गाड्यांची भीती. कायद्याने त्याला कुठे बसवायचं हा प्रश्न प्रत्येक देशाने वेगळा सोडवला, काहींनी सोडवलाच नाही. २०२० मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. तोवर विजेवर चालणाऱ्या साध्या स्कूटरने ते काम हातात घेतलं होतं. तिला एकामागे एक दोन चाकं आणि धरायला दांडा, तोल माणसाचा माणूस सांभाळतो. महागड्या सेन्सरचं निम्मं काम तोल ओळखणारे आपले कान आणि पाय फुकट करतात.

ब्रिटनमध्ये १० जानेवारी १९८५ रोजी सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी आणलेली 'सी५' ही तीनचाकी मात्र तोलात पक्की होती. किंमत ३९९ पौंड, वेग ताशी २४ किलोमीटर, परवान्याची गरज नाही. विजेवरचं स्वस्त, एकट्याचं वाहन, आणि तेही १९८५ मध्ये! कल्पना म्हणून ती काळाच्या पुढे होती असं मी अगदी ठामपणे म्हणेन. पण गाडीची उंची जेमतेम ८० सेंटिमीटर. आत बसल्यावर चालकाचं डोकं ट्रकच्या चाकाच्या पातळीला येणार. ट्रकवाल्याला आपण दिसतोय की नाही, ही धास्ती घेऊन कोण कामावर जाईल? दिसण्यासाठी उंच काठी घ्यायची तर तिचे पैसे वेगळे. वर छप्पर नाही, आणि बाजारात आणली ऐन हिवाळ्यात. शिशाची बॅटरी थंडीत आधीच कमी वीज देते, त्यात चढ आला की पायडल मारायचं. गिअर एकच, आणि सीटपासून पायडलचं अंतर बदलता येत नाही, त्यामुळे उंच माणसाचे गुडघे अवघडतात. मागे घ्यायची सोय नाही, उतरून उचलून वळवायची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्पादन बंद झालं. १४,००० गाड्या तयार झाल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा गोदामात पडून होत्या.

वास मागे राहतो

सिनेमात चित्र आलं, आवाज आला, मग वास का नको? १९६० मध्ये अमेरिकेत हान्स लाउबे यांच्या यंत्रणेने तेही झालं. पडद्यावरच्या प्रसंगानुसार नळ्यांमधून खुर्च्यांपर्यंत वास सोडले जायचे. बाल्कनीत ते उशिरा पोचायचे, सोडताना फुसफुस आवाज व्हायचा, वास फिका पडला की लोक जोरजोरात हुंगायचे आणि त्याचाच आवाज व्हायचा.

इथली अडचण मुळातली आहे. प्रकाश आणि आवाज या लहरी. दिवा बंद केला की प्रकाश संपला. वास म्हणजे पदार्थाचे खरे रेणू, नाकात शिरणारे. ते वाहून न्यावे लागतात आणि पुढच्या प्रसंगाआधी हवेतून काढूनही टाकावे लागतात. आणायला पंखा पुरतो, घालवायला सगळ्या सभागृहाची हवा बदलावी लागते. दुसरी गोष्ट, डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, म्हणून लाल, हिरवा, निळा एवढ्या तीन रंगांतून पडद्यावर सगळं चित्र उभं राहतं. नाकात वास टिपणारे ग्राहक जवळजवळ ४०० प्रकारचे आहेत. वासाचे तीन-चार मूळ रंग असं काही नाही. इंटरनेटच्या पहिल्या लाटेत 'डिजिसेंट्स' या कंपनीने संगणकाला जोडायचं वासयंत्र तयार केलं, त्यात १२८ रसायनांची डबी होती. २००१ मध्ये कंपनी बंद पडली. ती चालली असती तरी डबीतली रसायनं संपली की पुन्हा विकत आणणं वापरणाऱ्याच्या नशिबी होतंच.

दुसरा माणूस

एकट्याने वापरायच्या उपकरणाचे तोटे आपले आपण सोसू शकतो. काही उपकरणांना मात्र समोर दुसरा माणूस लागतो. एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीने १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळाव्यात 'पिक्चरफोन' दाखवला. चित्र दिसणारा फोन, उत्तम चालणारा. १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये तो महिना १६० डॉलर भाड्याने मिळू लागला. चित्र पाठवायला साध्या संभाषणाच्या सुमारे अडीचशेपट क्षमता लागायची, म्हणून तो महाग. आणि महाग म्हणून घेणारे थोडे. १०० जणांकडे असा फोन असेल तर आपसात ४,९५० जोड्या जमतात, १० जणांकडे असेल तर फक्त ४५. पहिल्या गिऱ्हाइकाला तर बोलायला कुणीच नाही. ग्राहक काही शेकड्यांच्या पुढे गेले नाहीत.

२०१३ मध्ये आलेल्या गूगल ग्लासचं उलट झालं. १,५०० डॉलरच्या त्या चष्म्यात कॅमेरा होता, आणि समोरच्याला तो चालू आहे की बंद हे सहज कळत नव्हतं. लोक बिचकले, काही हॉटेलांनी तो घालून यायला मनाई केली. जानेवारी २०१५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. घालणाऱ्याचा फायदा आणि त्रास मात्र शेजारच्याला, असा हा व्यवहार होता, आणि शेजारच्याने तो मंजूर केला नाही.

जपानमधले केंजी कावाकामी यांनी अशा हिशेबाचा अभ्यास होईल अशा वस्तू मुद्दाम बनवल्या. त्यांना ते 'चिंदोगु' म्हणतात. वस्तू खरोखर बनवलेली हवी, तिने खरी अडचण सोडवायला हवी, पण वापरायला ती जवळजवळ निरुपयोगी हवी. नूडल्स गार करायला खायच्या काडीवर बसवलेला छोटा पंखा घ्या. नूडल्स गार होतात यात शंका नाही. पण काडीचं वजन वाढतं, रश्शाचे शिंतोडे उडतात, पंखा धुवायचा कसा हा प्रश्न येतो. फुंकर मारून झालं असतं. उपकरणाने वाचवलेलं काम आणि वाढवलेली कामं शेजारी-शेजारी इतकी स्वच्छ क्वचितच दिसतात.

१९९५ च्या त्यांच्या पुस्तकात अशीच एक निरुपयोगी वस्तू होती, स्वतःचा फोटो काढायची काठी. कॅमेरे बनवणाऱ्या मिनोल्टा कंपनीतल्या हिरोशी उएडा यांनी १९८० च्या दशकात तशा काठीचं पेटंटही घेतलं होतं. चौकटीत आपण आलोय का ते कळावं म्हणून त्यांच्या कॅमेऱ्याला पुढून छोटा आरसाही होता. तरी ती चालली नाही. फिल्ममधले फोटो मोजकेच, धुऊन येईपर्यंत काय आलंय ते कळत नाही आणि कॅमेरा काठीच्या टोकाला जड. मग हलके फोन आले, पुढचा कॅमेरा आला, फोटो फुकट झाले आणि बिनतारी बटण आलं. काठी होती तशीच राहिली आणि जगभर विकली गेली. पिक्चरफोनचं कामही आज खिशातला फोन करतो. म्हणून एखाद्या उपकरणाला नाकारताना मी हे बघतो की त्याची अडचण आजूबाजूच्या तंत्रामुळे आहे, की डायनास्फिअरसारखी त्याच्या घडणीतच आहे. पहिल्या प्रकारातलं उपकरण वीस-तीस वर्षांनी परत येऊ शकतं.

आजची चामड्याची पट्टी

जुन्या यंत्रांना नसलेली एक अडचण आता नव्याने आली आहे. २०१६ मध्ये ७०० डॉलरला आलेलं 'जुसेरो' हे रस काढायचं यंत्र कंपनीच्याच बंद पिशव्या दाबून रस द्यायचं, आणि पिशवीवरचा कोड वाचण्यासाठी त्याला इंटरनेट लागायचं. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी तीच पिशवी हाताने पिळून जवळजवळ तितकाच रस काढून दाखवला. सप्टेंबरमध्ये कंपनीने विक्री थांबवली, आणि पिशव्या येणं बंद झाल्यावर त्या भक्कम यंत्राला काही काम उरलं नाही. २०२४ मध्ये आलेली 'ह्युमेन एआय पिन' छातीवर लावायची, तिच्याशी बोलायचं, उत्तर तळहातावर प्रकाशाने उमटायचं. उन्हात ते दिसायचं नाही आणि पिन तापायची. ६९९ डॉलर किंमत, वर दर महिन्याला २४ डॉलर. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस कंपनीने सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या हातातल्या धडधाकट पिना बहुतेक कामांना निकामी झाल्या. डेव्हनमधल्या पंपघरासारखंच: गाडी ठीक, रूळ ठीक, पण दूर कुठेतरी पंप थांबला. घेण्याआधी विचारायलाच हवं की कंपनी उद्या बुडाली तर ही वस्तू काय करेल. याचं उत्तर खोक्यावर छापलेलं नसतं, आणि ते छापणं सक्तीचं असावं असं मला वाटतं.

गूगल ग्लासच्या वाटेने आता दुसरे चष्मे आले आहेत. २०२३ चा रे-बॅन मेटा चष्मा आला तेव्हा ३०० डॉलरचा, वजन ५० ग्रॅमच्या आसपास, दिसायला नेहमीच्या चष्म्यासारखा. किंमत आणि रूप हे दोन प्रश्न बऱ्यापैकी सुटले. त्याची बॅटरी चारेक तास पुरायची. ती वाढवायची तर वजन नाकावर येतं, म्हणून तिथे प्रगती हळूहळूच होईल, पण होईल. चित्रीकरण चालू असताना पेटणारा एक छोटा पांढरा दिवाही त्यात आहे. मात्र त्या दिव्याचा अर्थ समोरच्या प्रत्येकाला माहीत असायला हवा, भर उन्हात तो दिसायला हवा आणि दिसल्यावर 'माझं चित्रीकरण नको' म्हणायची सोयही त्याला हवी. यातलं दिव्याचं काम इंजिनियर करतील. समोरच्याच्या होकाराचं काम नियमांनी आणि वापरणाऱ्यांनीच करावं लागेल, आणि ते अजून झालेलं नाही.